वहिबाची वाळू ओलांडून खलुफच्या किनाऱ्यावर

मस्कतला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. समुद्र तर इथे रोजच दिसतो, पण तो शहरातला समुद्र, कडेला कॉर्निश म्हणजे फिरायचा रस्ता, दिवे, बाकडी, आणि माझं माहेर हर्णैचं, त्यामुळे समुद्र म्हटलं की मला मासळीचा वास, ओल्या जाळ्या आणि कानात शिरणारा वारा लागतो. एकदा मत्रहच्या बाजारात सुरमई घेताना विकणाऱ्याला विचारलं की कुठची, तर म्हणाला महूतची, तिथून खाली खलुफला जा, तिकडे माणसं कमी आणि मासे जास्त. ते नाव डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच.

डांबरी रस्त्याने सिनावमार्गे खलुफ सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, दिवसभरात आरामात पोचता येतं. पण मला तसं जायचं नव्हतं. मधे वहिबाचं वाळवंट आहे, उत्तर-दक्षिण साधारण 180 किलोमीटर आणि रुंद 80 किलोमीटर, आता त्याला शरकिया सॅण्ड्स म्हणतात, आणि ते थेट समुद्राला जाऊन टेकतं. ते वाळवंट जिथे संपतं तिथूनच समुद्राला भेटायचं होतं. नवऱ्याला पटवायला दोन वर्षं गेली. शेवटी नोव्हेंबरात चार दिवसांची जोडून सुट्टी आली, शेजारच्या बिल्डिंगमधलं आमच्या मित्राचं कुटुंब तयार झालं, आणि दोन गाड्या झाल्या. दोन गाड्यांशिवाय आम्ही गेलोच नसतो, आणि कोणी एकट्या गाडीने वाळवंट ओलांडायचा विचार करत असेल तर हात जोडून सांगते, नका करू. नेटवर्क नसतं, आणि एक गाडी रुतली की तिला ओढायला दुसरी लागतेच.

तयारीला पंधरा दिवस गेले. प्रत्येक गाडीत वीस लिटरचे दोन कॅन पेट्रोल, कारण वाळूत गाडी जवळपास दुप्पट पिते, साठ लिटर पाणी, दोन फावडी, टायरखाली घालायच्या खाचवाल्या पट्ट्या, ओढायचा जाड पट्टा आणि तो अडकवायची लोखंडी कडी म्हणजे शॅकल, हवा मोजायचा गेज आणि हवा भरायचा छोटा कंप्रेसर. खाण्याचं माझ्याकडे होतं. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या केल्या, त्या तीन दिवस मऊ राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि आगळाची बाटली. आगळ मासे मिळतीलच या भरवशावर घेतलं होतं.

निघायच्या आदल्या रात्री बाबांना फोन केला. त्यांचं सगळं आयुष्य हर्णै बंदरात गेलं. कुठे चाललात, काय, एवढं ऐकल्यावर पहिलं वाक्य काय तर, "अगो, पुनव आहे शुक्रवारी, उधाण असेल, किनाऱ्याला गाडी लावताना बघून लाव." मी कॅलेंडर बघितलं तर खरंच त्रिपुरी पौर्णिमा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, लहानपणी हे पाढ्यासारखं पाठ असायचं, पण ते गणित आपल्या किनाऱ्याचं, समुद्र एकच असला तरी तिकडच्या काठावर भरती वेगळ्या वेळेला येते. म्हणून खलुफच्या भागाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाईलमध्ये उतरवून ठेवलं. पुढे त्याचा किती उपयोग होणार होता ते तेव्हा माहीत नव्हतं.

बुधवारी सकाळी सातला निघालो, बिदबिदवरून शरकिया एक्सप्रेसवे, इब्रा, आणि दहाच्या सुमारास बिदिया. इथपर्यंत सांगण्यासारखं काही नाही, रस्ता उत्तम. बिदियाला आमचा वाटाड्या भेटला, साठीचा बेदू, म्हणजे वाळवंटातल्या जमातीतला, गृहस्थ. आम्ही त्यांना अम्मी म्हणायचो, अरबीत काकांना अम्मी म्हणतात. हिंदी छान बोलायचे. आधी बसवून कावा म्हणजे अरबी कॉफी आणि खजूर दिले, मुलांची नावं विचारली, मग गाड्यांच्या टायरला हात लावून म्हणाले, "हवा निकालो." पस्तीसची हवा सोळावर आणली. टायर बघून वाटतं की पंक्चर झालाय, असा पसरतो, पण तसा पसरला तरच तो वाळूवर तरंगतो, नाहीतर सुरीसारखा कापत आत जातो. हे सगळं व्हिडिओत दहादा पाहिलं होतं तरी पहिल्यांदा वाळूत गाडी घातली तेव्हा माझे हात स्टिअरिंगवर घामाने ओले झाले होते.

वहिबाच्या उत्तरेकडच्या भागात वाळूच्या लांबच लांब रांगा आहेत, उंचीला शंभर मीटरपर्यंत, आणि त्या सगळ्या उत्तर-दक्षिण. दोन रांगांच्या मधे बोळासारखा सपाट पट्टा असतो, त्यातून दक्षिणेकडे जायचं, आणि पट्टा बंद झाला की रांग चढून पलीकडच्या पट्ट्यात उतरायचं. चढताना वेग धरायचा, माथ्यावर मात्र सोडायचा कारण पलीकडे काय आहे दिसत नाही, आणि उतरताना सरळ खाली, आडवं अजिबात नाही, आडवी झाली की गाडी लोळते. "शुवय शुवय," अम्मी खिडकीतून ओरडायचे, म्हणजे हळूहळू. मी दोनदा रुतले, नवरा एकदा, मित्र चारदा. दर वेळी खाली उतरायचं, चाकापुढची वाळू हाताने आणि फावड्याने काढायची, हवा अजून दोन पॉइंट कमी करायची, पट्ट्या घालायच्या. तिसऱ्या वेळेपर्यंत मुलं न सांगता पट्ट्या घेऊन धावायला लागली.

मुलाने विचारलं की रांगा सगळ्या एकाच दिशेने का, आणि अम्मींनी दक्षिणेकडे हात केला, "हवा. गर्मी में समुंदर से हवा आता है." मला तिथे चटका बसल्यासारखं झालं. म्हणजे नैऋत्येचा वारा, आपला मोसमी वारा! जो जून महिन्यात हर्णैला येतो, ज्याच्या आधी बाबा होडी शाकारून ठेवतात, तोच वारा इथून जातो. इथे तो पाऊस देत नाही. किनाऱ्याला समांतर वाहत तो वरचं कोमट पाणी आत समुद्राकडे लोटतो, मग खालचं थंडगार पाणी वर येतं, त्या थंड पाण्यावर हवा पण गार राहते, त्यामुळे धुकं होतं पण ढग काही उभे राहत नाहीत. आम्ही एकदा जुलैत अल अश्खराला गेलो होतो, मस्कतला पंचेचाळीस डिग्री आणि तिथे संध्याकाळी अंगावर शाल घ्यावी लागली, समुद्र खवळलेला, करडा. तेव्हा फक्त गार वाटलं म्हणून बरं वाटलं होतं, कारण कळलं नव्हतं. आणि ही सगळी वाळू, पायाखालची, हजारो वर्षं त्याच वाऱ्याने इथे आणून लावलेली. हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा उघड्या पडलेल्या तळावरची शंखशिंपल्यांची वाळूसुद्धा वाऱ्याने आत आणली, किनाऱ्याजवळ तर तिचा दगड झालाय. घरी ज्याची वाट बघतो तो पाऊस आणि इथली ही वाळू, दोन्ही एकाच वाऱ्याची.

दुपारी एका झाडाखाली थांबलो. वाळूत एकटंच झाड, काटेरी, बारीक पानांचं, खाली उंटांच्या लेंड्या. अम्मी म्हणाले गाफ. मी पान तोडून बघितलं, जोडीजोडीने बारीक पानं, फांदीवर आखूड काटे, आणि ओळखलंच, शमी! दसऱ्याला जिची पूजा करतो, गणपतीला जिची पत्री वाहतो तीच. घरी गेल्यावर पुस्तकात पण बघितलं, राजस्थानात जिला खेजडी म्हणतात तीच ही. मुळं इतकी खोल जातात की वर थेंब नसला तरी झाड हिरवं. अम्मींना सांगितलं की आमच्याकडे या झाडाला नमस्कार करतात, ते म्हणाले, करायलाच पाहिजे, याची सावली आहे, लाकूड आहे, उंट शेंगा खातात. एवढं म्हणून त्यांनी खोडावर हात ठेवला आणि जरा वेळ तसेच उभे राहिले.

पहिली रात्र तिथून पुढे एका पट्ट्यात काढली. चंद्र जवळजवळ पूर्ण होता, वाळू निळसर दिसत होती. पहाटे उठले तर तंबू बाहेरून चिंब ओला, हात फिरवला तर पाणी ओघळलं. समुद्र अजून दिवसभराच्या अंतरावर होता, पण त्याची ओल रात्री इथपर्यंत येते. वाळूवर किड्यांच्या पायांच्या रेघा होत्या, एकेका काडीवर दव. या दवावरच इथले किडे आणि झुडपं जगतात असं अम्मी म्हणाले.

गुरुवारी जसजसं दक्षिणेला गेलो तसतसा वाळूचा रंग बदलत गेला. बिदियाला ती विटेसारखी तांबूस होती, मग केशरी, मग गव्हाळ, मग फिकट. रांगा पण बुटक्या झाल्या. तीनच्या सुमारास एका चढावर अम्मींनी गाडी थांबवली आणि काहीच बोलले नाहीत. खिडकी खाली केली तर वास आला, खारा, जरासा कुजकट, शेवाळाचा. समुद्र दिसायच्या आधी वास आला. मला रडू आलं आणि मी रडले, मुलगी म्हणाली आई काय झालं, मी म्हटलं काही नाही, बंदरात आल्यासारखं वाटलं. मग पुढचा चढ चढलो आणि वाळू सरळ खाली पाण्यात उतरली होती, मधे फक्त एक बारीक डांबरी रस्ता. होडी नाही, घर नाही, डावीकडे उजवीकडे नजर जाईल तिथवर कोणी नाही.

अम्मींना परत जायचं होतं. पैसे ठरलेले दिले, वर दशम्या दिल्या. जाताना त्यांनी पुढचं एक नीट बजावलं, "सबखा में गीला दिखे तो नहीं जाना, सूखा दिखे तो भी नहीं जाना. जिधर गाड़ी का निशान है उधर ही चलो." सबखा म्हणजे मिठाचं रान. आम्ही मान हलवली.

आणि शुक्रवारी सकाळी नेमकं तेच केलं नाही. महूतला पेट्रोल भरून बर्र अल हिकमानकडे वळलो. हा समुद्रात घुसलेला एक प्रचंड सपाट जमिनीचा तुकडा आहे, अर्धा सबखा आणि कडेने मैलोन् मैल चिखलाची पुळण, जी ओहोटीला उघडी पडते. हिवाळ्यात इथे लाखो पक्षी उतरतात, सैबेरियापासूनचे. 2014 पासून ती पाणथळ जागा राखीव आहे. आम्हाला लांबून गुलाबी पट्टा दिसला, रोहित, शिवडीला बघायला जातो तेच, आणि त्यांच्या अलीकडे काळेपांढरे जाड चोचीचे क्रॅब प्लोव्हर, खेकडे फोडून खाणारे, ज्यांच्या जातीत वाळूत बीळ करून अंडी घालायची पद्धत आहे. मुलीने दुर्बीण लावली, जरा पुढे जाऊया ना, जरा पुढे, आणि माझ्या नवऱ्याने चाकोरी सोडून गाडी डावीकडे घेतली. जमीन पांढरी, कडक, पापडासारखी वाजत होती. पन्नासेक मीटर गेलो आणि तो पापड फुटला.

सबखात रुतणं वाळूत रुतण्यासारखं नसतं. वाळू कोरडी असते, काढली की निघते. इथे वर बोटभर मिठाचा पापुद्रा आणि खाली काळाकरडा चिकट गाळ, सडक्या अंड्यासारखा वास, फावडं घातलं की ते ओढून काढायला दोघं लागतात, आणि केलेला खड्डा पाण्याने भरतो. गाडी तळ टेकेपर्यंत बसली. मित्राला ओरडून सांगितलं तू चाकोरी सोडू नकोस, तिथेच थांब. त्याचा पट्टा पोचत नव्हता. मी मोबाईल काढून वेळापत्रक बघितलं, भरतीला चार तास होते, आणि पुनवेची भरती. आम्ही पाण्यापासून किती लांब होतो ते त्या सपाटीवर कळतच नव्हतं. कोकणात पाणी लाट होऊन येतं, आवाज करतं. इथे ते आवाज न करता जमिनीवरून नुसतं पसरत येतं, हे आदल्या संध्याकाळी बघितलं होतं. बाबांचं वाक्य आठवलं आणि पोटात गोळा आला.

दीड तास खणलं. मग लांबून एक पिकअप येताना दिसली, मागे जाळी आणि बर्फाच्या पेट्या. एक म्हातारे ओमानी कोळी, लुंगीसारखं विझार नेसलेले, आणि त्यांच्याबरोबर एक बांगलादेशी मुलगा. उतरून त्यांनी आधी सलाम केला, मुलांना पाणी आहे का विचारलं, मगच गाडीकडे बघितलं. त्यांनी पिकअप चाकोरीवरच ठेवली, त्यांचा दोर आणि आमचा पट्टा जोडला, जोडावर एक जुनी ताडपत्री टाकली, कारण दोर तुटला तर चाबकासारखा येतो आणि ताडपत्री त्याला खाली बसवते. सगळ्यांना लांब उभं केलं. आमची हवा दहापर्यंत उतरवायला लावली, चाकांच्या मागे, ज्या दिशेने आलो त्याच दिशेला, उतार खणायला लावला. "आगे नहीं, पीछे. जिधर से आया उधर से निकलेगा." तिसऱ्या हिसक्याला गाडी सुटली, असा आवाज झाला जसा चिखलातून बूट निघतो तसा, फक्त शंभरपट मोठा.

पैसे घेतले नाहीत. उलट पेटीतून एक सुरमई काढून दिली, इथे तिला कनअद म्हणतात. 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर तिची मासेमारी बंद असते, मोसम नुकताच सुरू झाला होता, मासा कडक, डोळे चकचकीत. मी त्यांना उरलेल्या दशम्या आणि चटणी दिली, हर्णैचं सांगितलं, बाबा पण मासेमारीच करतात म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं तिकडे कनअद मिळते? मी म्हटलं मिळते, पण आता पूर्वीसारखी नाही. ते म्हणाले, इथेपण. एवढंच बोलणं, पण मला ते फार जवळचं वाटलं.

खलुफला पोचेपर्यंत भरती ओसरायला लागली होती. गावाच्या दक्षिणेला किनाऱ्यावरूनच गाडी न्यावी लागते, ओहोटीला पुळण कडक असते, भरतीला वाट बंद. आम्ही वेळापत्रक बघून, पाणी पुरेसं मागे गेल्यावर निघालो, आणि पुढे पांढरी वाळू सुरू झाली, शुगर ड्युन्स म्हणतात त्यांना, पिठीसाखरेसारख्याच टेकड्या, आणि त्यांना लागून हिरवानिळा समुद्र. तांबड्या वाळूतून निघून पांढऱ्या वाळूत आलो होतो. तंबू भरतीच्या रेषेपासून भरपूर वर लावला, रेषा म्हणजे शेवाळ आणि शिंपल्यांचा जो पट्टा सुकलेला असतो त्याच्याही वर, हे लहानपणापासून माहीत असलेलं.

किनाऱ्यावर फिरताना मुलाला एक मणका सापडला. पाटाएवढा, पांढरा, भोकाभोकांचा, उचलायला गेलो तर वाटतो त्यापेक्षा हलका. देवमाशाचा. या समुद्रात हम्पबॅक देवमाशांचा एक कळप आहे जो जगातल्या बाकीच्या हम्पबॅकसारखा ध्रुवाकडे जातच नाही, बारा महिने अरबी समुद्रातच राहतो, कारण वाऱ्याने वर आलेल्या त्या थंड पाण्यात खायला भरपूर असतं. ओमानजवळ शंभरच्या आतच उरलेत. 2017 मध्ये त्यातल्या एका मादीला सॅटेलाइट टॅग लावला होता, नाव ठेवलं लुबान, म्हणजे धुपासारखा जाळायचा सुगंधी डिंक, आणि ती चक्क समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला आली आणि परत गेली. मी मुलांना वाळूत रेघ ओढून दाखवली. इथून सरळ पूर्वेला, मासिरा बेट ओलांडून, दिवच्या खालून, की दमणच्या आसपास आपला किनारा लागतो. आणि तिथून जरा खाली आजोबा. मणका आम्ही होता तिथेच ठेवला.

रात्री सुरमईला आगळ, हळद, तिखट, मीठ लावून तव्यावर भाजली, चुलीला वाहून आलेली लाकडं. चंद्र मासिराच्या बाजूने वर आला. मी दोन पणत्या आणल्या होत्या, त्रिपुरी पौर्णिमेला हर्णैला देवळातली दीपमाळ लावतात म्हणून. वारा असल्याने दोनदा विझल्या, मग मुलीने वाळूत खळगा केला आणि त्यात ठेवल्या, मग राहिल्या.

शनिवारी परत. महूतच्या पंपावर चारही टायर पस्तीसवर आणले, तिथे नेटवर्क आलं आणि बाबांना फोन लावला. रुतलो ते सांगितलं, भरतीचं सांगितलं, सुरमईचं सांगितलं. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "वारा कुठला होता रात्री?"

"जमिनीवरून पाण्याकडे."

"इथेपण," ते म्हणाले. "पहाटे होड्या गेल्या सगळ्या."